कुलपातली पितळी अज्जी

१

शुक्रवारी सकाळी साडेनऊ वाजता मधुकर कोगनोळे मोजपट्टी घेऊन अज्जीची लांबी मोजायला गेले, तर अज्जी जागेवर नव्हती. काचेचं कपाट होतं, कपाटाला कुलूप होतं, आत जुनं रजिस्टर, दोन बिल्ले आणि चामड्याची एक बादली होती. मधल्या लाकडी घोडीवर मात्र काहीच नव्हतं.

अज्जी ही कुणाची आजी नव्हे. कग्गनहळ्ळी अग्निशामक ठाण्याची ती सगळ्यात जुनी ब्रांच. ब्रांच म्हणजे होसच्या, पाण्याच्या लांब जाड पाइपच्या, तोंडाला लावायची पितळी तोटी, आग विझवणारा माणूस दोन्ही हातांनी धरतो ती. बेंगळूरमध्ये के. आर. पुरमच्या पुढे १९५१ साली हे ठाणं उघडलं तेव्हा ती एका बंद पडलेल्या गिरणीतून आली, म्हणजे ठाण्याहूनही वयानं मोठी. हल्लीच्या ब्रांचच्या दुप्पट जाड पितळ. जोडणी मात्र तीच, त्यामुळे आजच्या होसलासुद्धा टक्कन बसेल, असं जुने लोक छातीवर हात ठेवून सांगत. पण वीस वर्षांपूर्वी तिला मानानं कपाटात बसवलं आणि तेव्हापासून ती कुठे गेली नव्हती.

मधुकरराव मूळचे बेळगावचे. विमा कंपन्यांसाठी सर्वेअर म्हणून चाळीस वर्षं जळालेली गोदामं तुडवली. बंब आग लागल्यावर येतो आणि हा माणूस आग विझल्यावर, असं त्यांची बायको उल्का म्हणायची. निवृत्तीनंतर घरात बसून बायकोच्या पायात पायात येण्यापेक्षा त्यांनी ठाण्याच्या पंचाहत्तरीची पुस्तिका लिहायला घेतली होती. गाड्या, शिड्या, होस, घंटा, सगळ्यांची मोजमापं झाली होती. अज्जी तेवढी राहिली होती.

ठाण्याच्या अधिकारी भाग्यलक्ष्मी चौगला धावत आल्या नाहीत, चालत आल्या. चिक्कोडीकडच्या, वय छत्तीस, बोलणं मोजून मापून. त्यांनी कुलूप हातात घेऊन पाहिलं. ओरखडा नाही, काच शाबूत.

"किल्ल्या दोनच आहेत," त्या म्हणाल्या. "एक माझ्या कमरेला. काल दिवसभर मी आगीवर होते, किल्ली माझ्याजवळच होती. दुसरी महांतेश अण्णांकडे."

महांतेश हा लीडिंग फायरमन. ठाण्यातलं सगळं सामान त्याच्या ताब्यात. तो मागे उभा होता आणि त्याचा चेहरा उतरला होता.

"मधुअण्णा, तुम्हाला बाहेरचे समजत नाही म्हणून सांगते," भाग्यलक्ष्मी हळू आवाजात म्हणाल्या. "उद्या एकतीस तारीख. संध्याकाळी पाचला महांतेश अण्णा निवृत्त होणार. त्यांच्या कार्यमुक्तीच्या कागदावर एक रकाना असतो, चौकशी प्रलंबित आहे का. ताब्यातली वस्तू उद्या पाचपर्यंत सापडली नाही, तर मला तिथे 'होय' लिहावं लागेल. चौतीस वर्षांच्या नोकरीचा शेवट त्या एका शब्दानं होईल."

"नाही लिहिलंत तर?"

"तर मी खोटं लिहिलं असं होईल," त्या म्हणाल्या, आणि मधुकररावांना कळलं की ही बाई तसं लिहिणार नाही.

२

महांतेश व्हरांड्यातल्या बाकावर बसला होता. अंगाला बामचा वास येत होता आणि उजवा खांदा तो राहून राहून दाबत होता. हुक्केरीकडचा माणूस, घरात अर्धं कन्नड अर्धं मराठी. मधुकररावांशी मराठीतच बोलायचा.

"काल अज्जी बाहेर काढली होतीस?"

"होय की. दर गुरुवारी काढतो. पितळ पॉलिशचा वार. गाडीवरच्या दोन ब्रांच पण काढल्यालो. तिन्ही या टेबलावर मांडून घासत बसलो."

"गाडीवर एकूण किती?"

"चार. दोन गाडीवर, दोन टेबलावर, आणि वर अज्जी."

"मग?"

"मग दहा वीसला कॉल आला. मारतहळ्ळीच्या बाजूला गाद्यांचं गोडाऊन. कापूस, फोम, विचारू नका. तीन ठाण्यांच्या गाड्या लागल्या. टेबलावरच्या दोन ब्रांच उचलल्या, गाडीत टाकल्या, निघालो. आम्ही आलो तवा सात वाजल्याले."

"आणि अज्जी?"

"अज्जी कपाटात ठेवली."

"ठेवलेलं आठवतंय?"

"न ठेवायला काय झालं अण्णा? वीस वर्षं ठेवतोय."

मधुकररावांनी हे वाक्य वहीत जसंच्या तसं उतरवलं. ती त्यांची जुनी सवय होती. माणूस काय म्हणाला यापेक्षा तो कसा म्हणाला ते लिहून ठेवायचं.

"किल्ली कुणाला दिली होतीस?"

"कुणाला देईन? गळ्यात हाय." त्यानं शर्टाच्या आतून दोरा ओढून दाखवला. मग तो परत आत सारला. "माझ्या बायकोनं सगळ्या नातेवाइकांना उद्या जेवायला बोलवलंय. नोकरी स्वच्छ केली, असं ती सांगत असती सगळ्यांना. आता काय सांगू?"

"खांद्याला काय झालं?"

"काही नाही. वय झालं. काल ब्रांचसुद्धा जड लागली हाताला. पाच तास धरली आणि हात वरच होईना. जायची वेळ झाली, दुसरं काय."

मधुकररावांना वाईट वाटलं. चोर असा नसतो, असं मन म्हणत होतं. पण चाळीस वर्षांत मनानं त्यांना बऱ्याच वेळा तोंडघशी पाडलं होतं, म्हणून ते उठून फाटकावरच्या शिपायाकडे गेले.

"काल सगळे गेल्यावर इथे कोण होतं?"

"मी फाटकावर. तो सोसायटीवाला साहेब कॉल आला तसा घाईघाईनं निघून गेला. आणि कृष्णाजी तात्या. ते रोजच असतात." शिपायानं आवाज खाली आणला. "सर, एक सांगू? गाडी गेल्यावर तात्या टेबलावरचं पितळी काहीतरी उचलून आत नेताना मी बघितलं. धोतराच्या सोग्यात गुंडाळून."

३

कृष्णाजी तात्या त्र्याऐंशी वर्षांचे. निपाणीहून पोटासाठी बेंगळूरला आले आणि याच ठाण्यात सदतीस वर्षं राबले. निवृत्त होऊन पंचवीस वर्षं झाली तरी सकाळी आठला, पाळी बदलायच्या वेळी, ते हजर. सामानाची हजेरी नीट होते की नाही ते बघायचे आणि मग व्हरांड्यात पेपर वाचत बसायचे. १९६७ च्या लाकडाच्या वखारीच्या आगीत अज्जी त्यांच्याच हातात होती. तिच्या तोंडाजवळ एक पोचा आहे, तो त्या दिवशी तुळई पडून आलेला. आगीवर गेलेली ती तिची शेवटची वेळ, आणि धरणारा शेवटचा माणूस मी, हे ते नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगायचे.

"तात्या, अज्जी गेली, ऐकलंत?"

"ऐकलं." तात्यांनी पेपर खाली ठेवला नाही. "काचेत मासे ठेवतात. हत्यार ठेवत नाहीत. मी पहिल्यापासून सांगतोय."

"म्हणून तुम्ही काढलीत?"

पेपर खाली आला. तात्यांचे डोळे अजून चांगले तिखट होते.

"मधुकर, तू माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा, म्हणून ऐकून घेतो. मी अज्जीला हात लावला नाही. काल काय, वीस वर्षांत लावला नाही. लावला तर परत ठेववणार नाही म्हणून लावला नाही."

"शिपाई म्हणतो, तुम्ही पितळी काहीतरी आत नेलंत."

"शिपाई काहीही म्हणेल. तू मला अज्जी घेतली का विचारलंस, मी नाही म्हटलं. आता माझ्या म्हातारपणाची झडती घेणार असशील तर घे." असं म्हणून ते उठले आणि काठी टेकत बसथांब्याकडे चालू लागले. पंचवीस वर्षांत प्रथमच ते जेवणाच्या आधी घरी गेले.

मधुकरराव खजील झाले. म्हातारा दुखावला होता आणि हाती काहीच आलं नव्हतं. आता राहिला सोसायटीवाला साहेब.

हा सुशांत पुण्याचा, पस्तिशीचा, आयटीतला, राहायला एचएसआर लेआउटमधल्या एका सोसायटीत, म्हणून शिपाई त्याला सोसायटीवाला म्हणायचा. पंचाहत्तरीच्या कार्यक्रमाची सगळी धावपळ त्यानं अंगावर घेतली होती. मधुकररावांनी त्याला फोन लावला. वाजला आणि कापला गेला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. तिसऱ्यांदा फोन बंद.

शिपाई मागून म्हणाला, "सर, काल त्यांच्या पाठीवर मोठी बॅग होती. ट्रेकिंगवाले नेतात तसली. अज्जीसारख्या दोन मावल्या असत्या."

४

दुपारी तीन वाजता मधुकरराव एचएसआरमधल्या सुशांतच्या दारात उभे राहिले. सुशांतनं दार उघडलं आणि पाहुणा बघून कपाळाला हात लावला.

"काका, सॉरी. मला मेसेज आला ग्रुपवर, अज्जी मिसिंग आहे म्हणून. मी जरा पॅनिक झालो."

"बॅगेत काय होतं?"

"कॅमेरा, ट्रायपॉड, लाइट. पुस्तिकेच्या कव्हरसाठी फोटो काढायचे होते. चेक करा हवं तर." त्यानं बॅग उलटी करून दाखवली. खरोखरच कॅमेऱ्याचंच सामान होतं.

"मग फोन का बंद केलास?"

सुशांत लहान मुलासारखा जमिनीकडे बघू लागला. "काका, मी तिला उचललं होतं. महांतेश अण्णा पॉलिश आणायला आत गेले, तेवढ्यात. सेल्फी काढला. बोर्डवर लिहिलंय ना, हात लावू नये. आता तिच्यावर माझे फिंगरप्रिंट्स असणार. मॅडम मला सोडतील का?"

मधुकररावांना हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं. "फोटो आहे?"

"आहे. डिलीट करणार होतो."

"डिलीट करू नकोस. मला पाठव. आणि उद्या बारा वाजता ठाण्यात ये."

घरी पोचेपर्यंत सहा वाजले. उल्काबाईंनी अवरेकाळूची, म्हणजे पावट्याच्या दाण्यांची, उसळ केली होती. जानेवारीत दुसरं काही करायचं नाही असा त्या घरातला नियम होता. दिवसभर गेलेली वीज दुपारी उशिरा आली होती. मधुकरराव पहिला घास घेतात न घेतात तोच गच्चीवरून पाणी कोसळायचा आवाज आला.

"सकाळी जाताना मोटर बंद केलीत?" उल्काबाईंनी विचारलं.

"केली."

"मग टाकी का वाहतेय?"

"अगं मी रोज बंद करतो."

"मी रोजचं विचारलं नाही. आजचं विचारलं." त्या उठून मोटर बंद करून आल्या. "दुसऱ्यांचे चोर पकडताय. आधी घरचं पाणी पकडा."

मधुकररावांचा हात ताटातच थांबला. त्यांनी डाव्या हातानं वही ओढली. न ठेवायला काय झालं अण्णा, वीस वर्षं ठेवतोय. हे कालचं उत्तरच नव्हतं. हे रोजचं उत्तर होतं.

त्यांनी सुशांतचा फोटो उघडला. वेळ दहा वाजून बारा मिनिटं, अज्जी हातात धरून दात काढणारा सुशांत, मागे टेबल, टेबलाच्या मागे काचेचं कपाट. मधुकररावांनी दोन बोटांनी कपाट मोठं केलं.

"उल्का, चष्मा दे," ते म्हणाले. "काल सव्वादहाला अज्जी बाहेर होती, आणि कपाटाला तेव्हाच कुलूप होतं."

५

शनिवारी बारा वाजता व्हरांड्यात सगळे जमले. तात्या यायला तयार नव्हते. मधुकररावांनी स्वतः घरी जाऊन त्यांची माफी मागितली, तेव्हा आले. महांतेशनं इस्त्रीचा गणवेश घातला होता आणि तो कुणाच्याही डोळ्याला डोळा देत नव्हता.

मधुकररावांनी आधी सुशांतचा फोटो भाग्यलक्ष्मींच्या हातात दिला.

"महांतेश, अज्जी काढल्यावर कपाट उघडं ठेवतोस का?"

"नाही. आत बिल्ले हायत, पोरंटोरं येतात बघायला. काढली की लगेच कुलूप."

"म्हणजे कुलूप शाबूत आहे यावरून काहीच ठरत नाही. गुरुवारी ते रिकाम्या कपाटाला लागलेलं होतं. चोराला किल्लीची गरजच नव्हती. आता मला गाडीवरच्या चारही ब्रांच दाखवा."

चार ब्रांच टेबलावर आल्या. प्रत्येकीच्या गळ्याला निळ्या रंगाचा पट्टा.

"हा पट्टा कशाला?" सुशांतनं विचारलं.

"मोठ्या आगीवर तीन-तीन ठाण्यांचं सामान एकत्र होतं," भाग्यलक्ष्मी म्हणाल्या. "परतताना ज्यानं त्यानं आपला रंग उचलायचा. आमचा निळा. बाकी दोघांचा पिवळा आणि लाल."

मधुकररावांनी एकेक ब्रांच उचलून उजेडात धरली. खिशातून टाचणी काढली आणि जोडणीच्या खाचा कोरल्या. पहिल्या ब्रांचमधून काळा, जळका कापूस निघाला. दुसरीतून तसाच. तिसरीतूनही. चौथीच्या खाचेतून मात्र पांढरी भुकटी पडली.

"हे पॉलिश," ते म्हणाले. "घासून वाळलेलं. आत पाण्याचा थेंब गेला असता तर धुऊन गेलं असतं. ही ब्रांच गादीच्या आगीवर गेलेलीच नाही. मॅडम, नोंदवहीत काय लिहिलंय? तुमच्या गाडीवरून किती ब्रांच चालल्या?"

"चार," भाग्यलक्ष्मी म्हणाल्या. नोंद त्यांच्याच हातची होती. मग त्या थांबल्या. "पण ही गेली नसेल तर..."

"एक मिनिट. तात्या, काल मी तुम्हाला चुकीचा प्रश्न विचारला. आज बरोबर विचारतो. गुरुवारी गाडी गेल्यावर टेबलावर काय उरलं होतं?"

तात्यांनी मान वर केली. "एक ब्रांच उरल्याली. निळ्या पट्ट्याची. ओली होती पॉलिशनं, म्हणून सोग्यात धरून आत रॅकवर ठेवली. कुणी विचारलंच नाही मला. जो तो अज्जी, अज्जी."

"आणि संध्याकाळी आगीवरून तीनच निळ्या परतल्या, लोकांनी रॅकवरची चौथी गाडीवर चढवली. चार भरल्या. हजेरी बरोबर आली, म्हणून कुणाला शंका आली नाही."

 महांतेशचे ओठ हलत होते. तो मनातल्या मनात मोजत होता.

"दोन काढल्यालो," तो म्हणाला. "दोन उचलल्या."

"दोनच उचलल्यास. मोजणी चुकली नाही तुझी. कॉल आला तेव्हा हातात कोणती होती, घासायला?"

"हातात..." महांतेश खाली बसला. "हातात अज्जी होती."

"घंटा झाली की हातातलं हत्यार खाली ठेवायचं नाही, गाडीत टाकायचं. हे तुला कुणी शिकवलं?"

"तात्यांनी," महांतेश म्हणाला.

 तात्यांची मान ताठ झाली होती.

"हातातली एक टाकलीस, शेजारची एक उचललीस. दोन झाल्या, निघालास. धुरात, हातमोजे घातलेल्या हाताला पट्टा दिसतो कुठे? होसला टक्कन बसली. आणि पाच तास तुझा खांदा भरून आला, कारण ती दुप्पट वजनाची होती. तू म्हातारा झाला नाहीस, महांतेश. तू गुरुवारी अज्जी धरून आग विझवलीस."

महांतेशनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तो हसत होता की रडत होता ते कळायला मार्ग नव्हता, बहुतेक दोन्ही.

भाग्यलक्ष्मींनी घड्याळ बघितलं. "एक वाजला. हे सगळं सरी, बरोबर आहे, मधुअण्णा. पण कागदाला वस्तू लागते. अज्जी कुठे आहे?"

"तिला पट्टा नाही," मधुकरराव म्हणाले. "निळ्यांनी निळं उचललं, पिवळ्यांनी पिवळं, लालवाल्यांनी लाल. तिला तिथे कुणीच आपली म्हटलं नसणार."

"म्हणजे ती अजून त्या राखेत पडलीय," महांतेश म्हणाला.

"पडली असेल तर बरं. पितळ आहे. तिथे परवापासून भंगारवाले फिरत असतील."

६

ठाण्याची जीप मारतहळ्ळीला पोचायला पावणेदोन तास लागले. ट्रॅफिकला आग लावायची सोय असती तर जीपमधल्या चौघांनी ती त्या दिवशी लावली असती. भाग्यलक्ष्मी पुढे, मागे मधुकरराव, महांतेश आणि तात्या. सुशांत आपल्या बाईकवर आधीच पुढे गेला होता.

गोदामाच्या अंगणात काळ्या गाद्यांचा डोंगर होता. सुशांत फाटकापाशीच अडकला होता, कारण फाटकावरच्या बाईनं त्याला आत सोडलं नव्हतं. ही यल्लव्वा. अथणीकडची, साठीची, हातात वेताची छडी. आगीच्या दिवशी तीच पहिल्यांदा ओरडली होती.

"अक्का, आमची एक पितळी ब्रांच इथं राहिलीय का?" महांतेशनं विचारलं.

यल्लव्वानं त्याच्याकडे, मग गणवेशाकडे, मग तात्यांच्या धोतराकडे बघितलं.

"तुमची कशावरनं?"

"मी फायरमन हाय की."

"काल एक आला, म्हणाला मी कार्पोरेशनचा. सकाळी एक आला, म्हणाला मी मालकाचा मेव्हणा. दोघंबी भंगारवाले. पितळ दिसलं की सगळ्यांना नाती आठवतात." तिनं छडी फाटकावर आपटली. "खूण सांगा. आणि खूण सांगताना बघायचं नाही."

महांतेश बोलायला गेला, पण तात्यांनी त्याला हातानं मागे सारलं. ते फाटकापाशी आले आणि त्यांनी डोळे मिटले.

"तोंडापासून चार बोटं खाली, उजव्या बाजूला पोचा आहे. अंगठा बरोबर बसतो त्यात. माझा बसायचा."

यल्लव्वा आत गेली. आली ती दोन्ही हातांत अज्जी घेऊन. तिनं ती धुऊन पुसून ठेवली होती आणि वर हळदकुंकू लावलं होतं.

"हिनंच विझवली आग," ती म्हणाली. "माझी खोली त्या भिंतीला लागून. आत माझी सून बाळंतीण. हे दादा," तिनं छडी महांतेशकडे केली, "भिंतीपाशी ही धरून उभे होते, मी बघितलं. तोंड काजळीनं काळं होतं, म्हणून आधी वळखलं नाही. तवा म्हटलं, कुणी न्यायला आलं तर द्यायची, पर ओळख पटल्याशिवाय नाही."

महांतेशनं अज्जी घेतली. घेताना खांदा दुखला तसा तो कळवळला आणि मग मोठ्यानं हसला. तात्यांनी अंगठा त्या पोच्यात ठेवून बघितला.

"पाणी किती लांब गेलं?" त्यांनी विचारलं.

"तात्या, पत्र्याच्या वरून पलीकडं. मला वाटलं, आज पंप चांगला चाललाय."

"पंप नव्हे तो," तात्या म्हणाले. परतीच्या वाटेवर दोघांचं हेच चाललं होतं. भिंतीपासून किती अंतर, दाब किती, मागे होस कोणी धरला. वखारीच्या आगीतही असंच झालं होतं, मग तात्यांनी ते सांगितलं, मग महांतेशनं गुरुवारचं पुन्हा सांगितलं. के. आर. पुरमचा पूल येईपर्यंत त्यांचं संपलं नाही. मधुकररावांना आयुष्यात पहिल्यांदा असं वाटलं की आपण आग विझल्यावर पोचत आलो यात काहीतरी हुकलं, आणि तरी ते त्या दिवशी फार खुशीत होते.

पाचला सात मिनिटं कमी असताना जीप ठाण्यात शिरली. महांतेशची बायको नव्या साडीत फाटकाशी उभी होती. तिला काहीच माहीत नव्हतं. महांतेशनं तिला सांगितलंच नव्हतं.

भाग्यलक्ष्मी कुठेही न थांबता आपल्या खोलीत गेल्या. त्यांनी आधी घटनांची नोंदवही उघडली आणि गुरुवारच्या नोंदीखाली नवी ओळ लिहिली, की चारपैकी एक ब्रांच ही ठाण्याची जुनी ब्रांच होती आणि ती लीडिंग फायरमन महांतेश यांनी चालवली. मग कार्यमुक्तीचा कागद पुढे ओढला. महांतेश समोर सावधानमध्ये उभा होता. गळ्यातला दोरा काढून त्यानं किल्ली टेबलावर ठेवली होती.

"मॅडम, चूक माझीच हाय," तो म्हणाला. "आठवण नसताना ठेवली म्हणालो."

"हो, चूक आहे," भाग्यलक्ष्मी म्हणाल्या. "ती मी वहीत लिहिली आहे. पण कामाच्या वेळी कामाला वापरलेली वस्तू हरवत नाही, महांतेश अण्णा. ती ड्यूटीवर असते."

त्यांनी पेन उचललं. चौकशी प्रलंबित आहे का, या रकान्यात त्यांनी कन्नडमध्ये एकच शब्द लिहिला, इल्ल. म्हणजे नाही. खाली सही केली, शिक्का मारला आणि कागद फिरवून त्याच्यापुढे ठेवला.

महांतेशनं तो शब्द वाचला. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला. मधुकरराव दारात उभे राहून बघत होते. त्यांना वाटलं आता हा काहीतरी बोलेल, पण महांतेशनं कागदाची नीट घडी केली, शर्टाच्या वरच्या खिशात ठेवली आणि कडक सॅल्यूट ठोकला. उजवा खांदा दुखत होता तरी हात पुरता वर गेला.

बाहेर बायकोनं विचारलं, "एवढा उशीर? लोक जेवायला येऊन बसतील. काय करत होतासा?"

"काही नाही," महांतेश म्हणाला. "कागद घेत होतो. चल."